फळाची चौकशी

"मॅडम, फरक कधी पडेल?"

सोलापुरात त्वचेचा दवाखाना चालवायचा म्हणजे हा प्रश्न दिवसभर ऐकायचा. नाव, वय, तक्रार सगळं नंतर, आधी फळ. एका बैठकीत जाईल ना? वैशाखात लग्न आहे, तोवर होईल? पैसे भरले तर खात्रीने होईल? केमिकल पीलसाठी आलेल्या माणसांत ही घाई जरा जास्तच असते. खरूज-नायट्याचं माणूस बरं होण्यासाठी येतं, पीलचं माणूस बरं दिसण्यासाठी येतं. बरं दिसण्याला तारीख असते.

घरी उलटा वारा. माझे वडील, आप्पा, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झाले. रोज गीतेचा एक अध्याय वाचायचा, अठरावा झाला की पुन्हा पहिला, हा त्यांचा नेम. फळावर डोळा ठेवून केलेलं कर्म हातात घेतानाच निम्मं नासलेलं असतं, असं त्यांचं मत. रात्री ताटावर बसलं की मला विचारतात, "आज किती फळं विकलीस?" विचारतात चेष्टेत, पण प्रश्न चेष्टेचा नाही. कर्मावर अधिकार, फळावर नाही, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. आणि मी ज्या कागदावर सही घेते त्यात काय होईल, किती दिवसांत होईल, काय होणार नाही आणि काय बिघडू शकेल, एवढंच लिहिलेलं असतं. फळाची चौकशी हाच दोष असेल, तर माझा सगळा व्यवसाय दोषावर उभा आहे.

मला तसं वाटत नाही. का, ते सांगायचं तर आधी पील म्हणजे काय ते नीट सांगावं लागेल. अध्यात्मावर बोलणारी मंडळी शरीराला 'नश्वर' म्हणून एका दमात उरकतात, आणि माझं सगळं काम त्या नश्वराच्या थराथरांत आहे.

पील म्हणजे जखम. ठरवून, मोजून केलेली जखम. हे मी पहिल्याच भेटीत सांगते, म्हणजे 'फ्रूट पील', 'ग्लो पील' असल्या नावांनी झालेली गोड समजूत उतरते. चेहऱ्याची बाह्यत्वचा साधारण एक दशांश मिलिमीटर जाड. तिच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, वर सरकतात, वाटेत मरतात आणि गळून पडतात. तरुणपणी या फेऱ्याला चारेक आठवडे लागतात, वय झालं की जास्त. हे ऐकून आप्पांना जुनी वस्त्रं टाकून नवी घेण्याचा श्लोक आठवला. मी म्हटलं, तुमचा श्लोक मेल्यानंतरचा. हा कारभार जिवंतपणीच चालू असतो. आम्ल लावून आम्ही तोच फेरा पुढे रेटतो. वरचा थर सुटतो, खालचा कामाला लागतो. किती खोलवर जायचं, त्यावर पीलचं बळ ठरतं.

सगळ्यात वरवरची पीलं ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक, सॅलिसिलिक आम्लांची. नावं परकी, घराणी ओळखीची: ग्लायकोलिक उसात सापडतं, लॅक्टिक दह्यात, मँडेलिक प्रथम मिळालं ते कडू बदामातून. बाटलीतलं मात्र कारखान्यात बनतं, त्यामुळे "नैसर्गिकच आहे ना?" याला मी मान डोलवत नाही. ग्लायकोलिक २० पासून ७० टक्क्यांपर्यंत वापरतात, सॅलिसिलिक २० ते ३०. टक्का ऐकून घाबरणारे असतात, टक्का ऐकून खूश होणारेही असतात, आणि दोघांनाही मला तेच सांगावं लागतं की टक्क्यावर सगळं नाही. आम्लाचा पीएच, ते ठेवल्याची मिनिटं, आधी ॲसिटोनने त्वचेचं तेल किती पुसून काढलं, हात किती वेळा फिरला, घरी कुठली क्रीम चालू होती, यावर खोली ठरते. ग्लायकोलिक वेळेवर सोड्याच्या पाण्याने शांत करावं लागतं, नाहीतर ते आत उतरत राहतं. सॅलिसिलिक आपणहून थांबतं, चेहऱ्यावर पांढरी भुकटी तेवढी उरते, आणि आरसा बघितलेली बाई म्हणते, "अगं बाई, हे काय झालं?" काही झालेलं नसतं. पुसलं की जातं.

अपेक्षा काय ठेवावी? काही मिनिटं झणझण, टेबलफॅन तोंडासमोर असला की निभते. संध्याकाळी तोंड ओढल्यासारखं. तिसऱ्या दिवसाच्या आसपास ओठांच्या कडेला, हनुवटीवर बारीक साल सुटते. काहींची सुटतही नाही. आठवड्यात सगळं निवतं. मेलेला थर गेला की उजेड त्वचेवरून नीट परततो, त्याला लोक तेज म्हणतात, म्हणोत. मुरमांचे डाग आणि वांग यांना दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने चार-सहा बैठका लागतात. आणि वांग परत येतात. ऊन आहे, शरीरातली संप्रेरकं आहेत, तोवर ते येऊ शकतात. सोलापूरचं ऊन तर कोणाला सांगायला नको.

धर्माशी पहिली गाठ पडते ती इथे, आणि ती ग्रंथातल्या धर्माशी नसते. "लई काय जळालं नाही ओ मॅडम, मग उपयोग काय?" साल निघाली नाही की पैसे बुडाल्यासारखं वाटतं. त्रास झाला म्हणजे पुण्य जमा झालं, हा हिशेब आपल्या अंगात मुरलेला आहे. तुळजापूरला लोटांगण घालून आलेल्यांच्या कोपरा-गुडघ्यांना मी मलमं लिहून दिली आहेत. त्यांच्या श्रद्धेची थट्टा मला करायची नाही. पण तोच हिशेब लोक चेहऱ्याला लावतात, आणि तिथे तो साफ चुकतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेला इजा झाली की ती रंगद्रव्य जास्त बनवते. दाह जास्त, डाग जास्त. कडक पील मागणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा आहे त्यापेक्षा काळा डाग मिळतो. १९७५ मध्ये अमेरिकेत थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी उन्हाला त्वचा कसं उत्तर देते यावरून तिचे प्रकार पाडले; सुरुवातीला ते गोऱ्या त्वचेपुरतेच होते, पाचवा-सहावा प्रकार मागाहून जोडला गेला. आपण बहुतेक चौथ्या-पाचव्यात बसतो. पीलची जुनी पाठ्यपुस्तकं मात्र पहिल्या-दुसऱ्याचे चेहरे समोर ठेवून लिहिलेली. त्यातले आकडे आम्ही खाली ओढूनच वाचतो.

आप्पांनी यावर सतरावा अध्याय काढला. शास्त्राने न सांगितलेली घोर तपं जे दंभाने आणि अहंकाराने करतात, ते शरीरातल्या भूतसमुदायाला पिळतात, आणि आत राहणाऱ्या मलाही, असं तिथे कृष्ण म्हणतो. देव इथे स्वतःला दुखतं म्हणून तक्रार करतो, हे मला फार आवडलं. "जळू दे, मी सहन करीन" म्हणणाऱ्या मुलींना हा श्लोक सांगावासा वाटतो. सांगत नाही, दवाखान्यात श्लोक सांगणारी डॉक्टर मला स्वतःला सहन होणार नाही.

मधल्या खोलीचं पील टीसीएचं, म्हणजे ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडचं. १० ते २५ टक्के वरवरचं. ३५ टक्के घेतलं की बाह्यत्वचा ओलांडून अंतस्त्वचेच्या वरच्या पदरापर्यंत जातं. ५० टक्क्यांच्या पुढे चेहराभर लावलं तर व्रणाचा धोका इतका की शहाणा माणूस त्या वाटेला जात नाही. हे आम्ल सोड्याने शांत होत नाही. लावलं ते लावलं; गार पाण्याच्या घड्यांनी जळजळ तेवढी कमी होते. लावल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत त्वचा पांढरी व्हायला लागते. ही भुकटी नव्हे, उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग गोठावा तशी पेशींतली प्रथिनं गोठलेली असतात. त्या पांढरेपणाकडे बघत हात चालवायचा. लालसर त्वचेवर विरळ पांढरे ठिपके दिसले तर वरवर आहोत. सलग पांढरं, पण खालून गुलाबी झाक येते, तर मधल्या खोलीवर. गुलाबी झाक विझून घट्ट पांढरं झालं तर आपण ठरवल्यापेक्षा पुढे आलो. त्या क्षणी खोलीत कोणी बोललेलं मला चालत नाही.

मग रुग्णाचे दिवस सुरू होतात. पहिले दोन दिवस सूज, डोळ्यांखाली जास्त. तिसऱ्या दिवशी त्वचा तपकिरी आणि ताठ, हसताना भीती वाटावी अशी. चौथ्या-पाचव्या दिवशी तोंडाभोवती चिरा पडतात, पापुद्रे सुटतात. आठ-दहा दिवसांत खालून गुलाबी त्वचा वर येते, आणि ती लाली काही आठवडे मुक्काम करते. ज्यांच्या ओठांवर तापाचे फोड वरचेवर येतात त्यांना आधीच ॲसायक्लोविर द्यावं लागतं, नाहीतर ते फोड उघड्या चेहराभर पसरतात. गोऱ्या लोकांच्या देशांत हे पील सहज करतात. आमच्याकडे चेहराभर ३५ टक्के लावायला मी फारच क्वचित तयार होते, आणि तेही त्वचा आठवडेच्या आठवडे क्रीम आणि सनस्क्रीनने तयार करून घेतल्यावर.

आता गंमत अशी की मुरमांनी पडलेल्या खोल, सुईने टोचल्यासारख्या खळग्यांवर आम्ही हेच टीसीए १०० टक्क्यांपर्यंत वापरतो. दातकोरणीच्या टोकावर घेऊन फक्त खळग्याच्या तळाशी टेकवायचं, शेजारच्या त्वचेला लागू द्यायचं नाही. खळगा आतून भरत येतो. दातकोरणीवरचं १०० टक्के चालतं, चेहराभर ५० चालत नाही. आप्पांना ही गोष्ट फार पटली. देश, काळ आणि पात्र पाहून दिलेलं दान सात्त्विक, हे त्यांचं आवडतं प्रकरण. आम्लही तसंच द्यायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. मी वाद घातला नाही.

सगळ्यात खोल पील फिनॉलचं. ते मी केलेलं नाही आणि करणारही नाही, पण त्याचं मिश्रण मराठी माणसाला कळलं पाहिजे. १९६० च्या दशकात बेकर आणि गॉर्डन यांनी रूढ केलेलं सूत्र असं: ८८ टक्के फिनॉल ३ मिलिलिटर, पाणी २ मिलिलिटर, साबणाचं द्रावण ८ थेंब, आणि क्रोटन तेल ३ थेंब. क्रोटन तेल म्हणजे जमालगोट्याचं तेल. आप्पांच्या लहानपणी जमालगोट्याचं नाव काढलं तरी पोरांची पोटं ढिली व्हायची. "कोठा साफ करायचं औषध तोंडाला?" त्यांना हसू आवरेना. कित्येक वर्षं डॉक्टर सगळं बळ फिनॉलचंच समजत राहिले. २००० साली ग्रेगरी हेटर यांनी दाखवलं की खोलीचा मोठा वाटा त्या तीन थेंबांचा आहे. फिनॉल त्वचेतून रक्तात शिरतं आणि हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून सलाईन लावून, ईसीजीवर नजर ठेवून, चेहऱ्याचा एकेक भाग मध्ये वेळ सोडून करायचा. सुरकुत्या जातात त्या वर्षानुवर्षं परत येत नाहीत. पण त्वचेची रंग बनवण्याची ताकदही जाते. चेहरा कायमचा फिकट, आणि जबड्याखाली जिथे आम्ल थांबलं तिथे रेघ. गोऱ्या माणसावर ती रेघ खपून जाते. आपल्यावर मुखवटा चढवल्यासारखं दिसेल.

अठराव्या अध्यायात सुखाचे तीन प्रकार आहेत. आधी विषासारखं आणि शेवटी अमृतासारखं ते सात्त्विक. आधी अमृत आणि परिणामी विष ते राजस. हे वाचून आप्पांनी माझ्या बाजूने निकाल दिला: "म्हणजे तुझं पील सात्त्विक झालं की." दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण तर माझ्याकडे रोज येतं. मेडिकलच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली, स्टिरॉइड घातलेली उजळपणाची मलमं. पहिले दोन-तीन आठवडे अमृत: डाग फिके, चेहरा गुळगुळीत. काही महिन्यांनी त्वचा पातळ, लाल शिरांचं जाळं, फोड, नको तिथे केस, उन्हात उभं राहवत नाही. आणि मलम बंद केलं की सगळा चेहरा पेटतो, म्हणून बंदही करवत नाही. राजस सुखाचं इतकं चोख वर्णन मला वैद्यकाच्या पुस्तकातही मिळालेलं नाही.

तरी आप्पांचा निकाल मी घेतला नाही. आधी विष असणं एवढ्यानं भागत असतं तर फिनॉल सगळ्यात सात्त्विक ठरलं असतं. त्याच श्लोकात पुढे अट आहे: ते सुख स्वतःच्या बुद्धीच्या प्रसन्नतेतून आलेलं असावं. माझ्या खुर्चीवर बसलेल्या मुलीची बुद्धी प्रसन्न आहे की तिला बघायला आलेल्या पाहुण्यांनी ती गढूळ केली आहे, हे आम्लाच्या टक्क्यावरून कळत नाही. विचारावं लागतं.

आणि विचारलं की रंगाची गोष्ट निघते. सावळ्या विठ्ठलापुढे लोळणारे आम्ही सून मात्र गोरी शोधतो, हे इतक्या वेळा बोलून झालंय की बोलणाऱ्यालाही आता लाज वाटत नाही. मला त्यापेक्षा कामाचं एक सांगायचं आहे. रंग उजळायला आलेल्या प्रत्येकाला मी बाही वर करायला लावते आणि दंडाची आतली बाजू दाखवते, जिथे ऊन पोचत नाही. तो तुमचा जन्माचा रंग. चेहरा उन्हाने त्याच्यापेक्षा काळवंडला असेल तर तो फरक पीलने, सनस्क्रीनने, थोड्या वेळाने कमी होऊ शकतो. दंडाच्या पलीकडे मी कोणालाही नेऊ शकत नाही, आणि नेतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. २०२० मध्ये एका नावाजलेल्या क्रीमच्या नावातला 'फेअर' गेला आणि 'ग्लो' आला. माझ्याकडे येणाऱ्यांचे शब्द बदलले, मागणी तीच राहिली. एकदा एका माळकरी आजींनी नातीसमोर मला खडसावलं, "देवानं दिल्या रंगाला हात लावू नये बाई." मी नातीचा दंड त्यांना दाखवला. देवानं दिलेला हा, वरचा उन्हानं दिलेला. आजींनी दोन्हीकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मग उन्हाचं तेवढं काढा." पाठ्यपुस्तकात याहून नेमकी सूचना नाही.

आजींचा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. दिलेलं स्वीकारावं, ही शिकवण खोटी नाही. माझ्या व्यवसायातले निम्मे लोक ती विसरवून पोट भरतात. पण फळावर अधिकार नाही म्हणणाऱ्या त्याच श्लोकाचा शेवटचा तुकडा आपण गिळतो: काहीच न करण्याचीही ओढ लागू देऊ नकोस. मुरमांनी चेहरा खड्ड्याखड्ड्यांचा होत असलेल्या पोराला 'वयात आलं की जातात' म्हणून घरी बसवणारे आईबाप मी पाहते. मुरमं जातात, खळगे राहतात. तिथे स्वीकार हे आळसाचं दुसरं नाव असतं.

तर तो सहीचा कागद. मी तो मराठीत लिहिला आणि आप्पांना तपासायला दिला. शुद्धलेखन तपासतील एवढीच माझी कल्पना. रात्री त्यांनी कागद परत दिला तेव्हा सोबत गीतेचं पुस्तक होतं, अठराव्या अध्यायाचा पंचविसावा श्लोक उघडलेला. तामस कर्म कोणतं? जे मोहापायी आरंभलं जातं, चार गोष्टी न पाहता: पुढे काय होईल, नुकसान किती, कोणाला इजा, आणि आपल्यात ते निभावण्याची ताकद आहे का. आप्पा म्हणाले, "तुझा कागद म्हणजे हाच श्लोक आहे. मराठी तेवढं वाईट आहे."

मी तो श्लोक बराच वेळ बघत बसले. दुसऱ्या अध्यायात फळावर अधिकार नाही म्हणणारा देव अठराव्यात फळाकडे न बघता केलेल्या कर्माला तामस म्हणतो. दोन्ही एकाच तोंडची वाक्यं. आप्पांकडे टिळकांच्या 'गीतारहस्या'ची जुनी प्रत आहे. १९१५ मध्ये निघालेल्या त्या ग्रंथाचा मोठा झगडा याच गोष्टीशी आहे, की फळाची आसक्ती सोडायची म्हणजे कर्माचा हेतू सोडायचा नव्हे. मला ते दवाखान्यातून कळलं. काय होऊ शकतं, हे विचारणं आणि हेच झालं पाहिजे, असा हक्क सांगणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि पहिलं जितकं नीट विचारलं जातं तितकं दुसरं सैल पडतं. डाग निम्म्याने फिके होतील, खळगे राहतील, चार महिने लागतील, ऊन सांभाळलं नाही तर परत येईल: हे सगळं ऐकून, दोन उलट प्रश्न विचारून जी बाई सही करते, ती चार महिन्यांनी समाधानी असते. जी म्हणते "मॅडम, सगळं तुमच्यावर सोडलं," तिची मला धास्ती वाटते. वरून तो निष्कामपणा दिसतो. आत सगळं फळ गच्च धरून ठेवलेलं असतं आणि त्याची जबाबदारी माझ्या नावावर केलेली असते.

"यानं माझं लग्न जमेल का?" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही, आणि त्या एका कारणासाठी आलेल्या मुलीचं पील पहिल्या भेटीत करत नाही. काही जणांचं कधीच करत नाही. इंजिनिअरिंगचा एक मुलगा यायचा. नाकाच्या शेंड्यावरचा डाग मला भिंगाखालीही धड दिसेना, आणि तो दिवसाचे कित्येक तास मोबाइलच्या कॅमेऱ्यात तोच बघत असे, कॉलेज सुटलं होतं. हा आजार आहे, बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर, आणि त्यावर कुठल्याच टक्क्याचं आम्ल चालत नाही. प्रत्येक पीलनंतर डाग त्याच्यापुरता आणखी मोठा होतो. मी त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. घरच्यांनी आधी त्याला एका प्रवचनकाराकडे नेलं, आणि तिथे त्याला देहबुद्धी सोडायचा उपदेश झाला. मला तेव्हा आलेला राग अजून गेलेला नाही. आजाऱ्याला आसक्तीचा उपदेश करणं म्हणजे त्याच्या आजारावर अपराधाचा थर चढवणं.

पील झाल्यावर रुग्णाने करायचं काम थोडं आणि फार कठीण. साल ओढायची नाही. सुटेल तेव्हा सुटेल. सनस्क्रीन लावायचं, सौम्य साबण, आणि हात दूर. ओढलेल्या सालीखाली अर्धी तयार त्वचा असते. तिथे डाग ठरलेला. नवी त्वचा येते कुठून, तर कडेने थोडी आणि मुख्यतः केसांच्या मुळांतून, घामाच्या नळ्यांतून. चेहऱ्यावर लव दाट, म्हणून चेहरा लवकर भरतो. मानेवर ती विरळ, म्हणून तेच आम्ल मानेला लावायला हात धजत नाही. जी लव काढायला बायका महिन्याच्या महिन्याला पार्लरमध्ये जातात, तिच्या मुळांतूनच त्यांचा चेहरा परत येतो. मी फक्त जखम करते. भरणं माझ्याकडे नाही, रुग्णाकडे नाही, औषधाकडेही नाही.

याच्यावरही अठराव्यात एक श्लोक आहे, आणि त्यावरून माझं आप्पांशी खरं भांडण झालं. कुठल्याही कर्माची पाच कारणं तिथे सांगितली आहेत: शरीर हे अधिष्ठान, कर्ता, साधनं, वेगवेगळ्या क्रिया, आणि पाचवं दैव. मी एकटाच कर्ता, असं समजणाऱ्याला दुर्मती म्हटलं आहे. आप्पांच्या मते डॉक्टरांसाठी याहून चांगला श्लोक नाही. मला मात्र तो डॉक्टरांच्या हाती देण्याची भीती वाटते, कारण डॉक्टर पाचव्या कारणापासून सुरुवात करतात.

मागच्या उन्हाळ्यात एक मुलगी आली. हळदीला थोडे दिवस राहिले होते, आणि एका पार्लरमध्ये तिला पील केलं होतं. दोन्ही गालांवर तपकिरी पट्टे, जबड्यापाशी पोळून फोड. आईने कपाळावर हात मारून घेतला. "तिचं नशीबच असं." पार्लरवालीनेही तेच सांगितलं होतं, जरा इंग्रजीत: तुमची स्किन सेन्सिटिव्ह आहे. मी विचारलं, काय लावलं? माहीत नाही. किती टक्के? माहीत नाही. किती वेळ ठेवलं? पार्लरवाली फोनवर बोलत होती, वेळ बघितला नाही. रात्री चेहऱ्याला काय लावत होतीस, हे कोणी विचारलं होतं का? नाही. मुलगी मुरमांसाठी ट्रेटिनॉइन लावत होती. त्याने वरचा थर पातळ होतो आणि तेच आम्ल जास्त आत जातं, म्हणून आम्ही ती क्रीम पीलच्या काही दिवस आधी थांबवतो. अधिष्ठान तपासलेलं नाही, कर्ता शिकलेला नाही, साधनाच्या बाटलीवर टक्का नाही, क्रिया घड्याळाशिवाय. चार कारणं अशी उघडी पडलेली असताना दैवाकडे बोट दाखवायचा यांना हक्क काय? आप्पा म्हणाले, श्लोकात दैव पाचवं आहे, ते उगाच नाही. तिथे मात्र आमचं जमलं.

त्या मुलीला काय होईल ते मी सांगितलं. आता कुठलंही पील नाही, आई कितीही म्हणाली तरी. फोडांना मलम, सुकल्यावर सनस्क्रीन, फिकी करणारी सौम्य क्रीम. पट्टे काही महिन्यांत उतरतील, कदाचित वर्ष लागेल. जबड्यावर बारीकसा व्रण राहू शकतो. लग्न पुढे ढकलायचं कारण नाही, फोटोत दिसेल थोडं. तिने नवऱ्यामुलाला फोन लावून हेच सगळं माझ्यासमोर सांगितलं, क्रमाने, काही न लपवता.

त्यानंतर मी कागद बदलला. आता आम्लाचं नाव, टक्का, किती मिनिटं ठेवलं, कोणी लावलं, हे सगळं भरून त्याची एक प्रत रुग्णाच्या हातात जाते. 'परिणाम व्यक्तिपरत्वे वेगळे असू शकतात' हे वाक्य पूर्वी सगळ्यात वर होतं. आप्पांनी ते खोडलं नाही. बाण काढून तळाशी नेलं, सहीच्या ओळीच्या जरा वर.